अंबाडीचा पंचनामा

कुंपणाच्या तारेवरून आधी एक हात आला आणि मग बाबुलालचं तोंड वर आलं. बाबुलाल शेजारच्या क्वार्टरमधला, मूळचा बनारसकडचा, पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये क्रेन चालवायचा. एरवी त्यानं बायकोला हाक मारली की अर्ध्या सेक्टर दहामधल्या बायका ओ देत. आज मात्र तो कुजबुजत होता.

"केवलराम भाई, थोड़ी पत्ती मिलेगी?"

केवलराम मागच्या अंगणात नळापाशी दाढी करत बसला होता. पोळा होऊन गेला होता, पावसानं उघडीप दिली होती आणि शेवंतानं माहेरून आणून टाकलेलं अंबाडीचं बी छातीएवढं वाढलं होतं. भंडाऱ्याकडच्या माणसाकडे कुणी परसातली भाजी मागितली की त्याला आपण मालगुजार झाल्यासारखं वाटतं. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून तो उठला.

"मिलेगी म्हंजे? किती पायजे तेवढी घे ना, भाऊ! घरचीच हाय."

त्यानं कवळभर पाला तोडला आणि तारेवरून बाबुलालच्या अंगावर टाकला. बाबुलालनं दचकून दोन्हीकडे पाहिलं आणि पाला घाईघाईनं सदऱ्याखाली खुपसला.

"ऐसे खुलेआम?"

"त्याच्यात काय लपवाचं? आमच्याकडे बापजाद्यापासून लावतेत. लहान पोरं खातेत, म्हातारे खातेत."

बाबुलालनं त्याला कोपरापासून हात जोडले आणि पोट फुगल्यासारखा चालत घरात गेला. एवढ्याशा भाजीसाठी माणूस किती उपकार मानतो, याचं केवलरामला फार कौतुक वाटलं.

बाबुलालनं जन्मात अंबाडीची भाजी पाहिली नव्हती. पाच बोटांचं, करवतीसारख्या कडेचं ते पान त्याच्या ओळखीचं होतं ते दुर्गच्या सरकारमान्य भांग-गांजाच्या दुकानामुळे. त्या काळी दुकान परवान्याचं, माल सरकारी, भाव सरकारी. कुणीही उजळ माथ्यानं जावं आणि तोळ्यानं घेऊन यावं. पण घरी बिनपरवान्याचं एक रोप जरी लावलं, तरी गुन्हा. पिणाऱ्याला सूट आणि पेरणाऱ्याला बेडी, असा सगळा कारभार होता. म्हणूनच केवलरामच्या छातीचं बाबुलालला नवल वाटलं होतं.

त्यानं तो पाला बदाम आणि मिरी घालून पाट्यावर वाटला आणि दुधात कालवला. अंबाडी आंबट, दूध तात्काळ फाटलं. दुसरा कुणी असता तर त्याला तिथंच शंका आली असती. बाबुलालला उलट आदर वाटला. दूध फाडणारी भांग त्याच्या आज्यानंही पाहिली नसेल! डोळे मिटून त्यानं लोटा रिकामा केला, बाजेवर बसला आणि नशेची वाट पाहू लागला. इतक्या श्रद्धेनं वाट पाहिल्यावर ती बिचारी न येऊन कुठं जाते? संध्याकाळपर्यंत बाबुलाल आपल्याच पायांच्या अंगठ्यांकडे बघून हसत होता.

त्यानंतर मिलमध्ये केवलरामचा मान एकदम वाढला. क्रेनवाले वरून हात हलवू लागले. कोक ओव्हनच्या भट्ट्यांकडची अनोळखी माणसं मुद्दाम येऊन विडी पुढं करू लागली. एका सरदारजीनं तर त्याला स्वतःचं स्टूल दिलं. केवलरामनं याचा सरळ अर्थ काढला, की आपण पक्के झाल्याची बातमी फुटली.

पक्कं करायचा हुकूम याच महिन्यात निघायचा होता. आजवर केवलराम कच्चा हेल्पर होता. फाईल वरच्या ऑफिसात गेली होती आणि वर्तणूक चांगली आहे, पोलिसात नाव नाही, असा शेरा पडला की नोकरी कायम आणि क्वार्टरही कायम. शेरा वाकडा पडला की बोऱ्याबिस्तरा बांधून गावी परत. गावी वाट्याची जमीन भावाला कसायला देऊन तो इथं आला होता. पुन्हा त्याच बांधावर भावाच्या हाताखाली उभं राहायच्या कल्पनेनंच त्याला घाम फुटे. म्हणून तो सायकलसुद्धा रस्त्याच्या डाव्या कडेनं, सायडिंगला ढकलत नेलेल्या डब्यासारखी हळू चालवायचा.

कॅन्टीनमध्ये चहा पिताना बाबुलालनं त्याचा भ्रम दूर केला.

"दुर्ग के भैय्याजी को मैंने बोल दिया," तो खुशीत म्हणाला. "अब दुकान समेटो! हमारे सेक्टर में केवलराम की भांग है, तुम्हारा सरकारी भूसा कौन खाएगा?"

केवलरामच्या हातातला ग्लास ओठाशीच थांबला. "कोनाची भांग?"

"तुम्हारी."

"अबे, थे अंबाडी होय! भाजी करून खातो आमी!"

"हाँ हाँ, भाजी," बाबुलालनं डोळा मारला. "बच्चे-बूढ़े सब खाते हैं. तुम्हीं ने तो बताया."

केवलरामनं शपथा घेतल्या. जितक्या शपथा घेतल्या तितका बाबुलालचा विश्वास पक्का होत गेला. जाताना तो केवलरामच्या कानाशी लागून म्हणाला, "घबराओ मत, किसी को नहीं बोलूँगा." आणि हे तो ज्याला बोलला नव्हता असं त्या कॅन्टीनमध्ये कुणी उरलं नव्हतं.

भैय्याजी म्हणजे त्या परवान्याच्या दुकानाचा ठेकेदार. त्यानं लिलावात बोली लावून ठेका घेतला होता. फुकटात माल वाटणारा कुणी निघाला असं ऐकल्यावर तो गप्प बसणार नव्हता. तो तडक आबकारी कचेरीत जाईल, हे ओळखायला केवलरामला फार डोकं चालवावं लागलं नाही.

घरी येऊन त्यानं सायकल भिंतीवर टाकली आणि तो सरळ परसात गेला. आपण शेतकऱ्याचं पोर, माती हुंगून पीक सांगतो, असं तो मिलमध्ये नेहमी सांगायचा. आता तो एक पान हातात धरून उभा होता आणि त्याला काहीच सांगता येईना. पाच बोटं. करवतीसारखी कड. दुर्गच्या त्या दुकानाच्या पाटीवर रंगवलेलं पान अगदी असंच होतं. खरं म्हणजे अंबाडी त्यानं आयुष्यभर ताटातच पाहिली होती.

"कावं," त्यानं शेवंताला हाक मारली, "हे अंबाडीच हाय ना?"

शेवंता सूप टाकून बाहेर आली. "मंग काय गुलाब हाय?"

"बी कोठून आणलं होतं?"

"मायनं देल्लं."

"आन् तुह्या मायनं कोठून आणलं?"

शेवंतानं पदर खोचला. "कावून? माही माय गांजा विकते म्हन्ता का? बोला ना! तुमच्या घरी आल्यापासून हेच आयकाचं राह्यलं होतं!"

"अवं, हळू बोल! गांज्याचं नाव नोको घेऊ!"

"घेईन! पान तोंडात टाका, आंबट लागते का पाहा. भंडाऱ्याचा माणूस आन् अंबाडी वळखत नाई. कोनाले सांगू नका, माहीच इज्जत जाईन."

केवलरामनं पान तोंडात टाकलं. आंबट लागलं. पण गांजाही आंबटच लागत असेल तर? त्यानं तो कधी खाल्ला नव्हता. मागच्या ओळीतल्या जानरावला विचारावं असं त्याच्या मनात आलं. जानराव नागपूरकडचा, त्यानं कुंपणाबाहेरून एका शब्दात निकाल दिला असता आणि ही गोष्ट इथंच संपली असती. पण जानराव रजा टाकून गावी गेला होता, आणि उरलेला मोहल्ला पंजाबपासून केरळपर्यंत कुठूनही आलेला, अंबाडी सोडून सगळं खाणारा होता.

रविवारी सकाळी केवलराम विळा घेऊन परसात उतरला. झाडच ठेवायचं नाही, म्हणजे गुन्हाही नाही, असा त्याचा विचार होता. शेवंता दारात उभी राहून प्रत्येक झाडागणिक त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. निम्मी अंबाडी कापून झाली, ढीग गुडघ्याएवढा झाला, आणि मागच्या फाटकापाशी सायकलची घंटी वाजली.

खाकी कपडे, घामानं चिकटलेल्या मिशा, काखेत कायद्याचं जाड पुस्तक आणि मागे दुसऱ्या सायकलवर एक शिपाई. आबकारीचे दरोगासाहेब होते. सागर जिल्ह्यातून बदली होऊन आल्यापासून त्यांच्या हाती एकही केस लागली नव्हती.

"सबूत मिटा रहे हो?" दरोगासाहेब म्हणाले.

केवलरामच्या एका हातात विळा, दुसऱ्या हातात पेंढी. "नाई जी, साहेब. भाजी कराले कापून राहिलो."

"इतनी भाजी? बारात आ रही है क्या?"

साहेबांनी एक पान उचललं, पुस्तकातलं चित्र काढलं आणि पान त्यावर ठेवलं. बोटावर बोट बसलं. साहेबांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते पाहून केवलरामनं विळा पाठीमागे लपवला. त्याला नोकरीचा हुकूम फाटताना दिसला, आणि त्या मागोमाग भावाचा बांध दिसला.

"चावून पाहा ना जी," शेवंता दारातून म्हणाली. "आंबट लागते."

दरोगासाहेब दोन पावलं मागे सरले. "सरकारी आदमी को ड्यूटी पर गांजा खिलाती हो? इसकी दफा अलग लगेगी!"

केवलरामनं हात जोडून शेवंताला आत पिटाळलं. साहेबांनी सगळा ढीग जप्त झाल्याचं जाहीर केलं. आता पंचनामा करायचा, आणि त्याला दोन प्रतिष्ठित पंच हवेत. शिपायाला मोहल्ल्यात पिटाळलं. पण निम्मा मोहल्ला ड्युटीवर होता आणि उरलेल्या निम्म्यानं खाकी कपडे पाहताच दारं लावून घेतली होती. त्यातल्या कित्येकांना वाटत होतं, की कालपरवा केवलरामला विडी देणारे आपणही सहआरोपी आहोत. शिपाई दारं ठोठावत पार पुढच्या रस्त्याला निघून गेला.

साहेब व्हरांड्यातल्या बाजेवर बसले. सकाळी काही न खाता दुर्गहून सायकल हाणत आले होते. ऊन चढलं, पावसानंतरचा तो चिकट उकाडा सुरू झाला आणि पोटात कावळे ओरडू लागले. त्याच वेळी शेवंता परसात आली आणि जप्त ढिगातली एक पेंढी उचलून चालू लागली.

"कावं!" केवलराम दबक्या आवाजात ओरडला. "थे सरकारजमा झालं ना!"

"मूठभर पाल्यानं सरकार गरीब नाई होत. माणूस दुपारचा दारात उपाशी बसून हाय, त्याले काय खाऊ घालू? वांगी-टमाटे आजून धरले नाई, घरात दुसरं काईच नाई."

थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून लसणाच्या फोडणीचा चर्र आवाज आला. दरोगासाहेब पुस्तक वाचत होते, पण बराच वेळ पान उलटलं गेलं नाही. मग शेवंतानं त्यांच्यापुढं ताट ठेवलं. ज्वारीची गरम भाकर, कण्या घालून शिजवलेली भाजी, वर लाल तेलाची धार आणि कडेला मिरचीचा ठेचा. आरोपीच्या घरी जेवू नये, असं कायद्यात कुठंतरी असेलच, पण साहेबांनी ते शोधलं नाही. त्यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि मग डोळे उघडायचे ते फक्त भाकर मागायला. केवलरामही भीतभीत एका कोपऱ्यात ताट घेऊन बसला. मरायचंच आहे तर जेवून मरावं, असा त्यानं विचार केला.

"वाह," बोटं चाटत साहेब म्हणाले. "भाभीजी, कौन सी भाजी है?"

"हेच तं हाय, साहेब," शेवंता सरळपणे म्हणाली. "तुमी पकडली थे."

साहेबांचं बोट तोंडातच राहिलं. साहेबांनी ताटाकडे पाहिलं. ताट स्वच्छ होतं.

"मुँह सूख रहा है," ते हळूच म्हणाले.

"ठेचा खाल्ला ना जी."

"सर हलका लग रहा है. और ये पंखा कौन घुमा रहा है?"

व्हरांड्यात पंखा नव्हता. केवलरामनं वर पाहिलं आणि त्यालाही काहीतरी फिरल्यासारखं वाटलं. साहेबांनी बाजेची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. "पकड़ो हमको," ते म्हणाले, "हम ऊपर जा रहे हैं." आणि वर जाण्याऐवजी ते बाजेवर आडवे झाले, टोपी पोटावर आली आणि घोरायला लागले. उपाशी माणसानं उन्हातून येऊन पोटभर भाकर हाणली म्हणजे जे होतं, तेच झालं होतं. पण हे समजायला डोकं थाऱ्यावर लागतं.

"मेले तं नाई ना?" केवलराम म्हणाला. "अवं, मलेई चढून राहिली वाटते. हातपाय जड झाले. डोळे मिटून राहिले."

"तुमाले जेवल्यावर रोजच चढते," शेवंता ताटं उचलत म्हणाली. "निजा."

शिपाई परतला तेव्हा त्याच्यासोबत एकच पंच होता. अख्ख्या मोहल्ल्यात स्वखुशीनं आलेला तो एकटा माणूस म्हणजे बाबुलाल. त्यानं घोरणारे दरोगासाहेब पाहिले, भिंतीला टेकून झोपलेला केवलराम पाहिला, आणि त्याचे डोळे भरून आले.

"सरकार को भी सुला दिया," तो पुटपुटला. "भाभी, हमारे लिए बची है?"

बची होती. बाबुलालनं खाल्ली, शिपायानंही खाल्ली, आणि दोघं तिथंच हसू की झोपू या विचारात भिंतीला टेकले. शेवंतानं त्या सगळ्यांना ओलांडून भांडी घासली, अंगण झाडलं आणि उरलेल्या ढिगातला कोवळा पाला निवडायला बसली.

उन्हं उतरल्यावर दरोगासाहेब जागे झाले. बदली झाल्यापासून डासांनी आणि उकाड्यानं त्यांना धड झोप मिळाली नव्हती. आज मात्र चेहरा लहान मुलासारखा ताजा झाला होता. त्यांनी छान आळस दिला. मग त्यांना शिपाई दिसला, पंच दिसला, रिकामं भांडं दिसलं, आणि हळूहळू सगळं आठवलं. हा पाला गांजा असेल तर आबकारीच्या दरोग्यानं ड्युटीवर, वर्दीत, आरोपीच्या घरी, जप्त केलेला गांजा भाकरीशी खाल्ला होता. तोही तीनदा वाढून घेऊन.

साहेब उठून बसले. त्यांनी टोपी घातली. खाकरले.

"हमने क्या खाया?" त्यांनी शिपायाला विचारलं.

"भाजी, हुजूर."

"किसकी?"

शिपाई रिकाम्या भांड्याकडे बघू लागला. बाबुलालचं तोंड उघडलं, "हुजूर, एक नंबर..." इतकं बोलून होईपर्यंत केवलरामनं आपली टाच त्याच्या पायावर दाबली होती. सगळी नोकरी, क्वार्टर, गावाकडचा बांध त्या एका टाचेखाली आला होता. केवलराम जन्मात एवढ्या जोरानं कुणाच्या पायावर उभा राहिला नव्हता.

"अंबाडीची, साहेब," तो म्हणाला.

"ज़ोर से बोलो."

"अंबाडीची!"

"लिखो," साहेब शिपायाला म्हणाले. आणि पंचनामा झाला. सदर झाड डोळ्यांनी, नाकानं आणि जिभेनं तपासलं. ते अंबाडी नावाच्या भाजीचं निघालं. खाल्ल्यानंतर उपस्थितांपैकी कुणालाही कसलीही नशा झाली नाही. तिथं सही करताना बाबुलालला हसू आवरेना, म्हणून शिपायानं त्याचा हात धरून सही पुरी केली. दुसरा पंच म्हणून रस्त्यानं जाणाऱ्या दूधवाल्याला बोलावलं. तो बिचारा उपाशीच होता, म्हणून त्याची सही सर्वांत सरळ आली.

महिनाअखेरीला केवलरामच्या नोकरीचा हुकूम निघाला. वर्तणूक उत्तम, पोलिसात नाव नाही. त्यानं मिलमध्ये पेढे वाटले, तेव्हा प्रत्येकानं आधी पेढा हुंगून पाहिला. जानराव गावाहून परतला आणि कुंपणाबाहेरून पाहताच म्हणाला, "अंबाडी हाय ना बे, त्याच्यात काय पंचनामा कराचा?" पण तो पडला केवलरामच्याच मुलखाचा, त्याचं कोण मानतं? सरकारी शिक्क्यानिशी ती अंबाडी ठरली आणि सेक्टरमध्ये तिला अंबाडी मानणारं एकही माणूस शिल्लक राहिलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी फाटक वाजलं. केवलरामनं डोकावून पाहिलं आणि त्याच्या हातातलं फावडं गळून पडलं. दरोगासाहेब होते. पण वर्दी नव्हती, पुस्तक नव्हतं, शिपाई नव्हता. पांढरा पायजमा आणि हातात घडी घातलेली कापडी पिशवी होती.

"बैठेंगे नहीं," ते इकडेतिकडे पाहत म्हणाले. "उस दिन के बाद, भई, फिर नींद नहीं आई." आणि त्यांनी पिशवीची घडी उलगडून त्याच्यापुढं धरली.

केवलरामला एकदम गलबलून आलं. एवढा मोठा साहेब, आणि झोपेसाठी असा दारात उभा! याला फसवायचं नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं.

"साहेब, मायची शप्पथ घेऊन सांगतो, थे अंबाडीच हाय. निसती भाजी. दुसरं काईच नाई त्याच्यात."

दरोगासाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी प्रेमानं डोळा मारला.

"अरे, हमको बता रहे हो? हमीं ने तो लिखकर दिया है."

केवलरामनं मुकाट्यानं पिशवी भरली. शेवंतानं वर ज्वारीच्या कण्यांची पुडी ठेवली आणि फोडणीत लसूण जास्त टाका म्हणून बजावलं. साहेबांनी पिशवी सायकलच्या मागं बांधली, दोनदा ओढून गाठ तपासली आणि पायडलवर पाय ठेवता ठेवता मागे वळून म्हणाले, "अगले साल थोड़ी ज़्यादा लगाना."

पुढच्या पावसाळ्यात केवलरामनं वांगी उपटली, टमाटे उपटले आणि सगळं परस अंबाडीखाली आणलं. आता तो पक्का नोकर होता, सरकारी माणसाचा शब्द मोडायची त्याची छाती नव्हती.